पीएफचा कायदा येण्याच्या ६६ वर्षं आधी नागपूरच्या एका गिरणीत पेन्शन फंड सुरू झाला होता

सॅलरी स्लिप आली की आपली नजर आधी जाते ती पीएफ किती कापला यावर. पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिकल, पगारी रजा या पगारावरच्या गोष्टी आज आपण गृहीतच धरतो. नवी नोकरी घेताना एचआरला पहिला प्रश्न हाच असतो, की पगार सोडून आणखी काय?

पण दीडशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. काम केलं तर मजुरी. हात मशीनमध्ये गेला तर घरी बसायचं. म्हातारपण आलं तर गावाला जायचं. त्या काळात एका मालकाने कायद्याची सक्ती नसताना हे चित्र थोडंफार बदललं. तो मालक म्हणजे जमशेटजी टाटा.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी पुरोहितांचं. वडील नसरवानजी मात्र पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापारात उतरले होते. जमशेटजी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ ला शिक्षण संपवून वडिलांच्या पेढीत आले.

पुढची काही वर्षं मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना इथल्या कापसाशिवाय पर्याय उरला नाही. १८६५ ला युद्ध थांबलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. जमशेटजी तेव्हा इंग्लंडमध्ये होते. टाटांची पेढीही त्यात अडकली, देणेकऱ्यांना तोंड द्यायची वेळ त्यांच्यावर आली. त्यांनी लपवाछपवी न करता हिशेब समोर ठेवला, त्यामुळे निदान पत तरी वाचली.

१८६८ ला त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. वर्षभरात चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली, नाव ठेवलं अलेक्झांड्रा मिल आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. मग लँकेशायरच्या गिरण्या स्वतः फिरून बघितल्या.

परत आल्यावर सगळ्यांना वाटलं की आता हा माणूस मुंबईत मोठी गिरणी काढणार. तो गेला नागपूरला. कारण साधं होतं. कापूस विदर्भात पिकतो, रेल्वे तिथवर पोचली आहे, कोळसा जवळच्या वरोऱ्यात आहे. मग कापूस मुंबईला आणून कापड परत तिकडे न्यायचं कशासाठी?

१८७४ ला १५ लाख भांडवलाची कंपनी निघाली. नागपुरात जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. एका सावकाराने या धंद्याला पैसे द्यायला साफ नकार दिला. जमिनीत सोनं ओतणाऱ्या माणसाला कोण कर्ज देईल, असा त्याचा सवाल होता. गिरणी चालल्यावर मात्र त्यानेच कबूल केलं, की या माणसाने जमिनीत माती टाकली आणि सोनं बाहेर काढलं.

१ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं. त्याच दिवशी ही गिरणी सुरू झाली, म्हणून तिचं नाव पडलं एम्प्रेस मिल. मॅनेजर म्हणून जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना आणलं. ते आले होते रेल्वेतून आणि कापडातलं त्यांना काही कळत नव्हतं. जमशेटजींना कापड कळणारा नको होता, माणसं सांभाळणारा हवा होता.

कारण नागपुरात खरी अडचण माणसांचीच होती. हातमागावर विणणारे कोष्टी आणि शेतावर राबणारे महार ही इथली मुख्य कामगार मंडळी. भोंगा वाजला की आत जायचं आणि पुढचा भोंगा वाजेपर्यंत मशीनसमोर उभं राहायचं, ही सवय कुणालाच नव्हती. पेरणी आली, लग्न निघालं, सण आला की माणूस गायब. गिरणीत रोज बरेच लोक गैरहजर असायचे. मागावर माणूस नसला की माग बंद, पण वाफेच्या इंजिनाला कोळसा तेवढाच लागतो.

यावर त्या काळच्या मालकांकडे ठरलेला इलाज होता. खाडा केला की दंड करायचा आणि पगार काही आठवडे मागे ठेवायचा, म्हणजे माणूस अडकून राहतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये हे सर्रास चालायचं.

जमशेटजींनी हिशोब उलटा मांडला. जाणाऱ्याचं नुकसान करण्यापेक्षा राहणाऱ्याचा फायदा केला तर?

१८८६ ला एम्प्रेस मिलमध्ये पेन्शन फंड सुरू झाला. अशा फंडाचं गणित सोपं असतं. माणूस जितकी वर्षं टिकेल तितकी त्याची म्हातारपणाची बेगमी वाढते आणि मधेच सोडून जाणं त्यालाच परवडेनासं होतं. १८९५ पासून कामावर अपघात झाला तर भरपाई मिळू लागली. हे किती लवकर होतं बघा. जर्मनीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा १८८४ चा. खुद्द इंग्लंडमध्ये भरपाईचा कायदा आला १८९७ ला आणि भारतात १९२३ ला.

याशिवाय गिरणीत हवा खेळती ठेवायची सोय केली. सूत तुटू नये आणि कापसाचा कोरडा धुरळा कमी उडावा म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली, आगीसाठी पाण्याचे स्प्रिंकलर लावले. कामगारांच्या कुटुंबांसाठी खेळांचे आणि बक्षिसांचे दिवस सुरू झाले, चांगलं काम करणाऱ्यांना सगळ्यांसमोर बक्षीस मिळायचं. आता याला एम्प्लॉयी एंगेजमेंट म्हणतात आणि त्यासाठी बाहेरून एजन्सी बोलावतात.

आता एवढं वाचून जमशेटजी म्हणजे संतच होते असं वाटेल. तसं नव्हतं आणि ते स्वतःही या गोष्टींना दानधर्म समजत नव्हते. त्यांच्या लेखी हा चोख धंदा होता. भारतातल्या कामगार संपांचा इतिहास बघायला गेलं तर सुरुवातीलाच नाव येतं ते एम्प्रेस मिलचं. १८७७ ला, म्हणजे गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, इथल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून संप केला होता. कामाचे तासही लांबलचकच होते.

शिवाय मालकाने आपणहून दिलेली सवलत मालक काढूनही घेऊ शकतो. हक्क म्हणून काही मिळवायचं तर संघटनाच लागते, हे त्याच वर्षांत मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे दाखवून देत होते. १८८४ ला त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. पेन्शन फंड आणि रविवारची सुट्टी अवघ्या चार वर्षांच्या अंतरावरच्या, पण एक मालकाने दिलेली आणि दुसरी कामगारांनी घेतलेली.

ज्या १८८६ ला पेन्शन फंड निघाला त्याच वर्षी जमशेटजींनी आयुष्यातली सगळ्यात अंगाशी आलेली खरेदी केली. मिठी नदी कुर्ल्याकडून येऊन माहीमच्या खाडीला मिळते. त्या कुर्ल्यात धरमसी मिल नावाची बदनाम गिरणी होती. जमशेटजींनी ती साडेबारा लाखांना घेतली आणि नाव दिलं स्वदेशी मिल. मशिनरी खिळखिळी निघाली, कारभार विस्कटलेला होता, शेअर पडले आणि लोक टाटांच्या पतीवरच शंका घेऊ लागले. जमशेटजींनी एम्प्रेस मिलचे काही शेअर विकून पैसा उभा केला आणि मदतीला नागपूरची माणसं आणली. इतकी वर्षं टिकवलेली माणसं इथे कामी आली आणि स्वदेशी मिल उभी राहिली.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. कामगार घरदार बंद करून गावाकडे निघाले. पगार मागे ठेवणारे मालक आता रोजच्या रोज पैसे मोजू लागले, एकमेकांची माणसं पळवू लागले. जीव वाचवायला निघालेल्या माणसाला अडकवलेला पगार थांबवू शकत नव्हता.

शेवटच्या वर्षांत जमशेटजींच्या डोक्यात पोलादाचा कारखाना होता. जागासुद्धा ठरली नव्हती, तेव्हा १९०२ ला त्यांनी मुलाला, दोराबजींना, पत्र लिहून कामगारांचं गाव कसं असावं ते कळवलं. रस्ते रुंद हवेत, लवकर वाढणारी सावलीची झाडं हवीत, बागा आणि फुटबॉल-हॉकीची मैदानं हवीत, देऊळ, मशीद आणि चर्चसाठी जागा हवी. १९ मे १९०४ ला जर्मनीत त्यांचं निधन झालं. ते गाव, म्हणजे आजचं जमशेदपूर, त्यांनी कधी पाहिलं नाही.

तिथल्या पोलाद कारखान्यात आठ तासांची पाळी १९१२ ला आली, मोफत औषधोपचार १९१५ ला. पगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड आले १९२० ला, आणि त्याच वर्षी तिथे मोठा संप होऊन गोळीबारही झाला होता. बाळंतपणाची मदत १९२८ ला आणि ग्रॅच्युइटी १९३७ ला मिळू लागली. देशात आठ तासांचा कायदा आला १९४८ ला, पीएफचा १९५२ ला आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ ला.