खिळ्यावरचा नववा चिमणा

भिवंडीच्या वेशीवर गोदामांचे पत्रे संपतात आणि भातखाचरं, खाजण सुरू होतं. तिथे घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांना रात्रीच्या चोराचा अनुभव नवा नाही. सकाळी उठावं तर खुराड्याची जाळी उचकटलेली, पिसं विखुरलेली आणि दोन कोंबड्या गायब. मग पहिला विचार येतो तो बंदुकीचा. पंधरा-वीस पावलांवरून मारायचं तर छऱ्याची बंदूक पुरेल का? की पॉइंट टू-टू रायफल लागेल? प्रश्न सरळ वाटतो. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर मुंबईतल्या एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नकळत आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं. तो मुलगा म्हणजे पुढे जगभर गाजलेले पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. मुंबईतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातलं हे नववं अपत्य. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईही गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना वाढवलं. मामांना शिकारीचा शौक होता. त्यांनीच भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक दिली. त्या काळच्या सुखवस्तू घरांत याचं कुणाला काही वाटत नसे. मोठेपणी आपण नामांकित शिकारी व्हायचं, हे या मुलाचं स्वप्न होतं. पक्ष्यांचा अभ्यास वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हता.

इथे बंदुकीचं थोडं विज्ञान पाहू. कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास. पॉइंट टू-टू म्हणजे ०.२२ इंच, साधारण ५.६ मिलिमीटर. पण गोळी किती इजा करणार हे केवळ व्यासावर ठरत नाही. तिचं वजन आणि वेग यांतून तिला ऊर्जा मिळते, आणि त्यात वेगाचा वाटा वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. छऱ्याच्या बंदुकीतला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा नळीतून बाहेर पडताना आठ-दहा ज्यूल ऊर्जा घेऊन निघतो. नेहमीच्या पॉइंट टू-टू रायफलीची अडीच ग्रॅमची गोळी सुमारे १४० ज्यूल घेऊन निघते. जवळजवळ तेवढ्याच व्यासाच्या, पण अतिवेगवान ०.२२३ काडतुसाच्या गोळीची ऊर्जा १७०० ज्यूलच्या घरात जाते. व्यास जवळपास सारखाच, पण ऊर्जेत बारापट फरक.

म्हणून ब्रिटनसारख्या ज्या देशांत कोल्हे मारायला कायद्याची परवानगी आहे, तिथेही जवळच्या अंतरासाठी सर्वांत ताकदवान रायफल निवडत नाहीत. छर्रा एवढ्या मोठ्या प्राण्याला बहुधा मारत नाही, फक्त जखमी करतो. अतिवेगवान गोळीची ताकद वीस पावलांवर वाया जाते आणि तिचा आवाज अख्ख्या गावाला उठवतो. मधली पॉइंट टू-टू सौम्य म्हणावी, तर तिचीही चुकलेली गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलतीकडे उसळते. पाठीमागे मातीचा उंच बांध नसेल तर ती झाडूच नये, असा नियम आहे. भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या गावात दीड किलोमीटरच्या आत किती घरं, किती यंत्रमाग आणि किती माणसं येतात, हे सांगायला नको.

लहानग्या सलीमच्या हाती होती ती सर्वांत कमी ताकदीची बंदूक, आणि नेम होता घराच्या तबेल्यातल्या चिमण्यांवर. तिथे भिंतीच्या भोकात एका चिमणीने घरटं केलं होतं. मादी आत अंड्यांवर बसलेली असे आणि नर बाहेर एका खिळ्यावर पहारा देई. सलीमने तबेल्यात उभ्या असलेल्या गाडीमागे दडून तो नर टिपला. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. तोही टिपला, तर तिसरा आला. असं करत सात दिवसांत आठ नर मारले गेले. दर वेळी मादीला नवा जोडीदार जणू तयारच असे. मुलाने हे सगळं १९०६-०७ च्या सुमारास वहीत टिपून ठेवलं, अर्थातच शिकाऱ्याच्या फुशारकीने. साठएक वर्षांनी ते टिपण फारसा बदल न करता प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यातली शास्त्रीय किंमत लोकांच्या लक्षात आली.

त्या टिपणात काय होतं? जागा रिकामी झाली की ती भरायला कुणीतरी टपलेलं असतं. प्रत्येक परिसरात हक्काची जागा मिळवलेले प्राणी दिसतात, पण त्यांच्याभोवती जागा न मिळालेले अनेक जण फिरत असतात. ते सहसा आपल्या मोजणीत येत नाहीत. अमेरिकेत मेन राज्याच्या जंगलात १९४९ साली शास्त्रज्ञांनी चाळीस एकरांतले गाणारे पक्षी मारून काढायचा प्रयोग केला. हंगामाच्या शेवटी मारलेल्या पक्ष्यांची संख्या सुरुवातीला तिथे असलेल्यांच्या दुपटीहून जास्त भरली. मारलेल्यांची जागा बाहेरून आलेले पक्षी घेतच राहिले. खेतवाडीच्या मुलाने हेच चाळीस वर्षं आधी एका खिळ्यावर पाहिलं होतं.

याच छऱ्याच्या बंदुकीने त्याचं आयुष्यही वळवलं. एकदा त्याने मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही धर्माप्रमाणे खायला चालेल का, हे त्याने मामांना विचारलं. मामांना ती चिमणी ओळखता आली नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला अपोलो स्ट्रीटवर धाडलं. मिलर्डसाहेबांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचं सांगितलं. शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि नमुने कसे जपायचे ते शिकवण्याची सोय केली. मेलेल्या पक्ष्याकडे शिकार म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहायचं असतं, हे तो मुलगा तिथे शिकला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. कॉलेजात मन रमेना, म्हणून ते ब्रह्मदेशात तावॉय इथे घरच्या टंगस्टनच्या खाणीवर आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. तिथे धंद्यापेक्षा रानच जास्त पाहिलं. मुंबईत परतल्यावर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्या प्रोत्साहनाने प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभागाचे मार्गदर्शक म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. परत आले तेव्हा ती जागाच रद्द झाली होती.

हातात नोकरी नाही, म्हणून हे जोडपं अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिलं. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अलींनी तिथे सुगरणीच्या वसाहतीसमोर शिडीवर आडोसा करून तासन्‌तास बसून निरीक्षण केलं. तोवर सुगरणीच्या घरट्याबद्दल खूप लिहिलं गेलं होतं, पण तिचा संसार कुणी नीट पाहिला नव्हता. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते पसंत करते, मग नर ते पुरं करतो आणि दुसरं घरटं विणून दुसरी मादी मिळवायला लागतो. हा क्रम त्यांनी मांडला. मेलेल्या पक्ष्याकडून हे कधीच कळलं नसतं.

सलीम अलींनी बंदूक टाकून दिली, असं मात्र नाही. हैदराबाद आणि अन्य संस्थानांमधल्या पाहण्यांत त्यांनी अनेक पक्षी नमुन्यांसाठी मारले. तिथेही हत्याराची निवड महत्त्वाची असे. नमुना गोळा करणारा लहान नळीची बंदूक आणि धुळीसारखे बारीक छरे वापरतो. मोठ्या छऱ्यांनी किंवा फार जवळून मारलं तर पक्ष्याच्या चिंध्या होतात आणि तो अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. या पाहण्यांमध्ये तेहमिना सोबत असत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या आणि सलीम अली एकटे पडले. काम मात्र थांबलं नाही. दोन वर्षांनी भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. कशासाठी मारायचं आणि त्यातून काय साधणार, हा हिशेब त्यांनी नेहमी समोर ठेवला.

हाच हिशेब आरोग्याच्या प्रश्नातही उपयोगी पडला. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसांना ताप येऊ लागला. हाच तो माकडताप, जो अलीकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूलाही आला. याचा विषाणू रशियातल्या गोचीड-तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग शंका आली की हिवाळी पाहुणे पक्षी सैबेरियातून गोचिड्या घेऊन येतात की काय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला. इथे बंदूक निरुपयोगी होती. पक्षी जाळ्यात धरायचा, त्याच्या अंगावरच्या गोचिड्या आणि रक्त तपासायचं, पायात क्रमांकाचं कडं घालायचं आणि तो सोडून द्यायचा. कारण मेलेला पक्षी कुठून आला नि कुठे जाणार, हे सांगू शकत नाही. या कामातून भारतात पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी परंपरा सुरू झाली. माकडतापाचा विषाणू मात्र इथल्याच जंगलात, इथल्याच गोचिड्यांमध्ये मुरलेला असल्याचं स्पष्ट झालं.

आता पुन्हा कोल्ह्याकडे वळू. चिमण्यांना लागू पडलं ते कोल्ह्यांनाही लागू पडतं का? युरोपात विसाव्या शतकात लाल कोल्ह्यांमधून रेबीज पसरला तेव्हा सरकारांनी लाखो कोल्हे गोळ्या घालून आणि बिळांत विषारी वायू सोडून मारले. रोग पुढे सरकतच राहिला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने कोंबड्यांच्या मुंडक्यांमध्ये लस भरून ती रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि त्यांना रोगापासून संरक्षण मिळालं. लस मिळालेला कोल्हा आपली जागा सोडत नाही आणि त्या जागी रोगट कोल्हा येऊ देत नाही. याच मार्गाने पश्चिम युरोप कोल्ह्यांच्या रेबीजपासून जवळपास मुक्त झाला. फ्रान्समध्ये नान्सी शहराजवळ माणसाच्या यकृताला घातक ठरणारा एक पट्टकृमी आटोक्यात आणण्यासाठी चार वर्षं कोल्हे जास्त मारून पाहिले. कोल्ह्यांची संख्या घटली नाही. उलट कृमी असलेल्या कोल्ह्यांचं प्रमाण ४० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेलं, कारण रिकाम्या जागा भरायला बाहेरून तरुण कोल्हे आले.

आपल्याकडे तर कायद्यानेही हा रस्ता बंद आहे. ठाणे-मुंबईच्या खाडीकाठी तिवरांमध्ये राहतो तो सोनेरी कोल्हा. खोकड हा वेगळा, लहान प्राणी असून तो घाटावरच्या माळरानात राहतो. दोघांनाही वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आला असून त्याला मारल्यास तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. शिवाय गोदामांच्या या गावात उंदीर खाऊन तो आपल्या उपयोगीच पडतो.

मग कोंबड्यांचं काय? खिळा तिथे आहे तोवर चिमणा येणारच. आपल्या बाबतीत तो खिळा म्हणजे उघड्यावर टाकलेली कोंबड्यांची आतडी, मांसाचा कचरा आणि ढिलं खुराडं. कचरा पुरावा किंवा बंद डब्यात ठेवावा. खुराड्याला जाड तारेची जाळी लावून ती जमिनीत फूटभर गाडावी, कारण कोल्हा उकरून आत शिरतो. संध्याकाळी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात. भटक्या कुत्र्यांचीही गोष्ट हीच आहे. त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्याच जागी सोडणं का योग्य, हे तबेल्यातला खिळा सांगतो.

रेबीजची भीती मात्र खरी आहे. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर परिसरातल्या एका कोल्ह्याला रेबीज झाल्याचं तपासणीत आढळलं. दिवसाढवळ्या वस्तीत लडखडत फिरणारा किंवा अंगावर येणारा कोल्हा दिसला तर लांब राहून वनविभागाला कळवावं. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं. वन्य प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर गटात मोडतो. त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यावं लागतं. हळद, चुना, मिरची लावून वेळ घालवू नये. लसीचे सगळे डोस पुरे करावेत. लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

सलीम अलींना १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर गेले. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचं मुंबईत निधन झालं. दहा खंडांचा पक्षिकोश त्यांनी डिलन रिप्ली यांच्यासोबत पुरा केला होता. त्या सगळ्या पानांच्या आधीचं, अगदी पहिलं पान तबेल्यातल्या आठ चिमण्यांचं आहे. खुराड्यामागे बंदूक घेऊन बसायचा विचार ज्याच्या मनात येईल, त्याने आधी ते आठवावं आणि जाळी दुरुस्त करायला घ्यावी.