विदूषकाचें दुःख पाहणारा चित्रकार

सर्कशींतील विदूषक रिंगणांत आला कीं आम्ही हंसूं लागतों. खेळ संपल्यावर, तोंडावरील रंग पुसल्यावर तो कसा दिसत असेल, हा विचार आमच्या मनास क्वचितच शिवतो. ज्यानें तो जन्मभर केला, त्या जॉर्ज रूओ नामक फ्रेंच चित्रकाराचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

रूओ याचा जन्म २७ मे १८७१ रोजीं पॅरिस येथें एका तळघरांत झाला. शहरांत त्या वेळीं यादवी माजून तोफांचा भडिमार चालला होता. चौदाव्या वर्षीं तो रंगीत कांचेच्या खिडक्या करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस राहिला. ख्रिस्तमंदिरांच्या त्या खिडक्यांतील जाड काळ्या रेषा व त्यांतून झळकणारे रंग पुढें त्याच्या चित्रांत कायमचे उतरले. नंतर गुस्ताव्ह मोरो या थोर गुरूजवळ त्यानें चित्रकलेचें शिक्षण घेतलें.

१९०५ च्या सुमारास त्यास वाटेंत भटक्या खेळवाल्यांची गाडी थांबलेली दिसली. मरतुकडा घोडा चरत होता आणि गाडीपाशीं एक वृद्ध विदूषक आपला झगमगीत पोषाख शिवीत बसला होता. त्या झगमगाटाखालीं अपार खिन्नता पाहून रूओच्या मनांत आलें कीं, हा विदूषक म्हणजे आपण सर्वच आहों. राजा झाला तरी तोही असाच झगा पांघरून असतो.

तेव्हांपासून त्यानें विदूषकांचे उदास चेहरे रंगविले. लोकांस ते कुरूप वाटले. ज्याच्याविषयीं त्यास अत्यंत आदर होता, त्या लेओं ब्ल्वा या लेखकासही ते आवडले नाहींत. तथापि रूओनें मार्ग सोडला नाहीं. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'मिझेरेरे' या ५८ चित्रांच्या संग्रहांत दुःखी ख्रिस्ताच्या मुखाबरोबर विदूषकाचेंही मुख आहे. त्याच वर्षीं, हातून पूर्ण होणार नाहींत अशीं आपलीं ३१५ चित्रें त्यानें स्वतः जाळून टाकिलीं. अपुरें काम जगापुढें ठेवणें त्यास अप्रामाणिकपणाचें वाटे. १३ फेब्रुवारी १९५८ रोजीं तो निवर्तला.

प्रत्येक वर्गांत सर्वांस हंसविणारा एखादा सोबती असतोच. त्याच्या विनोदास आम्ही टाळ्या देतों, पण तो गप्प बसला तर कारण विचारीत नाहीं. रूओचीं चित्रें आम्हांस तें विचारावयास शिकवितात.