आकड्यांचे कापरेकर गुरुजी

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील कारकून होते. कापरेकरांचे शिक्षण ठाण्याला व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात झाले. १९३० ते १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत गुरुजी होते.

त्यांना आकड्यांचे लई वेड होते. १९४९ साली त्यांनी एक गंमत सांगितली. कोणताही चार अंकी आकडा घ्यायचा. चारी अंक एकसारखे नकोत. अंक आधी उतरते मांडायचे, मग चढते मांडायचे अन् मोठ्यातून लहान वजा करायचे. उत्तराचंबी तसंच करायचं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. तिथून पुढे जाता येत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४!

चाकुरात आम्ही याचा दोघांचा डाव केला. एकमेकांना न दाखवता पाटीवर आकडा लिहायचा. ज्याला जास्त वजाबाक्या लागतील तो जिंकला. माझा दोस्त ९८७६ घेतो, त्याला वाटते मोठा आकडा लांब जाईल. पण तो तिसऱ्यालाच संपतो. मी कापरेकरांचे जन्मसाल घेतो, १९०५. मग ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. बरोबर सात! सातच्या वर कोणी जात नाही, म्हणून १९०५ वाला कधीच हरत नाही. समोरच्यानेही सातवाला आकडा घेतला तर बरोबरी. (आता हे वाचून सगळेच १९०५ घेतील!)

कापरेकर फक्त बी. एस्सी. होते. त्यामुळे पुष्कळ विद्वानांना त्यांचे काम पोरखेळ वाटायचे. याचा मला राग येतो. विद्वानांनी एकदा पाटी घेऊन बसायचे होते. निवृत्त झाल्यावर पेन्शन पुरेना म्हणून ते शिकवण्या घेत, पण आकडे सोडले नाहीत. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला नाव कळाले. तोवर ते ७० वर्षांचे झाले होते. १९८६ साली ते वारले. ६१७४ ला आता कापरेकर स्थिरांक म्हणतात.

पालकांनीबी आपले जन्मसाल घालून बघावे. खडू खिडकीत ठेवला आहे.

— इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा