उस्ताद मन्सूर : पशुपक्ष्यांचा दरबारी चित्रकार

पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आली, काजू आला, अननस आला, हे आपण गोवेकर लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याच मार्गाने आलेला एक पक्षी मात्र गोव्यातून थेट आग्र्याला बादशहाच्या दरबारात पोचला. १६१२ सालची ही गोष्ट. त्या पक्ष्याच्या निमित्ताने, आपल्या देशातल्या एका थोर चित्रकाराची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. त्याचे नाव उस्ताद मन्सूर.

मन्सूरचा जन्म कधी आणि कुठे झाला, याची नोंद दरबाराने ठेवली नाही. तो आपल्याला प्रथम भेटतो तो अकबराच्या चित्रशाळेत. तिथे ग्रंथ सजवण्याचे काम अनेक हातांनी मिळून चाले. एकाने रेखाटन करायचे, दुसऱ्याने रंग भरायचे. मन्सूरनेही आधी दुसऱ्यांच्या रेखाटनांत रंग भरले. पानांवर वेलबुट्टी काढणारा नक्काश म्हणूनही तो ओळखला जाई. बाबराच्या आत्मचरित्राची सचित्र प्रत तयार झाली, तेव्हा त्यातली काही प्राण्यांची चित्रे त्याच्या वाट्याला आली आणि त्याला आपली वाट सापडली.

१६०५ साली जहांगीर गादीवर आला. या बादशहाचे दोष इतिहासाने पुष्कळ सांगितले आहेत. पण निसर्गाकडे पाहण्याची त्याची दृष्टी विलक्षण होती. सारसांची जोडी पाळून त्यांची अंडी उबेपर्यंत तो बारकाईने टिपणे ठेवी. त्याने मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवले. फिरंगी मागतील ती किंमत मोजून दुर्मिळ वस्तू घेऊन ये, असा हुकूम होता. खानाने आणलेल्या नवलाईत अमेरिका खंडातला टर्की हा पक्षीही होता. त्याच्या डोक्याचा आणि गळ्याचा रंग घटकेत लाल, घटकेत पांढरा, घटकेत निळसर होतो, हे पाहून बादशहा थक्क झाला. आपल्या पणजोबाने, म्हणजे बाबराने, प्राण्यांची वर्णने लिहिली पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव त्याला जाणवली. त्याने वर्णन स्वतः लिहिले आणि चित्रे काढण्याची आज्ञा दिली. टर्कीचे ते चित्र मन्सूरचे मानले जाते. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

जहांगीरने मन्सूरला ‘नादिर-उल्-अस्र’, म्हणजे आपल्या काळातला अद्वितीय, असा किताब दिला. बादशहाचा तळ हलला की चित्रकारही बरोबर निघत. इराणच्या शहा अब्बासने पाठवलेला एक उमदा ससाणा वाटेत मांजराने जखमी केला आणि तो फार दिवस जगला नाही. तेव्हा त्याचे रूप तरी राहावे म्हणून मन्सूरला बोलावणे गेले. १६२० च्या वसंतात काश्मीरमध्ये, ओढ्याच्या पाण्यात बुडी मारून तळाशी राहणारा एक छोटा पक्षी बादशहाला दिसला. तो पकडवून त्याचेही चित्र मन्सूरकडून करून घेतले. त्याच मुक्कामात त्याने शंभराहून अधिक फुले रंगवली. त्यांतली अगदी थोडी आज शिल्लक आहेत.

पुढच्याच वर्षी, १६२१ साली, हबशी मुलुखातला झेब्रा दरबारात आला. अंगावरचे पट्टे कुणीतरी रंगवले असावेत अशी शंका लोकांना आली. तपासून खात्री करून घेतल्यावर मन्सूरने तो जनावराच्या कानापासून खुरापर्यंत, पट्ट्यांचे प्रत्येक वळण सांभाळून, कागदावर उतरवला. नंतर तो झेब्रा शहा अब्बासला भेट म्हणून गेला. चित्र मात्र राहिले.

या चित्रांत मोठे देखावे नाहीत. घोटून गुळगुळीत केलेला कागद, केसांचा बारीक कुंचला, पिसागणिक वेगळी रेघ, आणि मागे बहुतेक मोकळी जागा. आमच्या मते मन्सूरचे मोठेपण इथेच आहे. त्याच्या काळी चित्रातला प्राणी बहुधा शिकारीचा भाग असे, किंवा पंचतंत्रासारख्या गोष्टीतले पात्र असे. मन्सूरने त्याला एकटे उभे केले. पक्षी गोष्ट सांगत नाही, उपदेश करत नाही. तो जसा आहे तसा दिसतो.

या प्रामाणिकपणाचे मोल पुढे कळले. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये त्याच्या नावाने असलेली सायबेरियन क्रौंच आणि बंगाली तणमोर यांची चित्रे आहेत. पाश्चात्य शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांची रीतसर नोंद केली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे दीडशे वर्षांनंतर. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये डोडोचे एक चित्र आहे. त्यावर सही नाही, पण अनेक अभ्यासक ते मन्सूरचे मानतात. जिवंत डोडो पाहून केलेली रंगीत चित्रे जगात फार थोडी आहेत, त्यांत त्याची गणना होते. डोडो सतराव्या शतकातच पृथ्वीवरून नाहीसा झाला.

सायबेरियन क्रौंच अजून जगात आहे, पण आपल्याकडे येत नाही. राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत तो दर हिवाळ्यात उतरत असे. २००२ नंतर तिथे तो दिसलेला नाही. वाटेतल्या शिकारीने आणि आटत गेलेल्या पाणथळींनी ही वारी थांबवली. आपल्या नातवंडांना हा पाहुणा भारतात पाहायचा असेल, तर आज मन्सूरच्या चित्रापाशीच जावे लागेल.

म्हणून मंडळाच्या सर्व कुटुंबांना आमची एक विनंती आहे. आपल्या खाजनात अजून बगळे उतरतात, ओहोळावर खंड्या बसतो, घाटाच्या रानात धनेश दिसतो. सुट्टीत मुलांच्या हाती कागद आणि रंग द्या, आणि मोबाइलमधला फोटो न पाहता समोरचा पक्षी तासभर पाहून चित्र काढायला सांगा. चित्र कसेही निघो. चोचीचा रंग कुठे बदलतो, पाय कुठे वाकतो, हे ज्या मुलाने एकदा नीट पाहिले, त्याला तो पक्षी दिसेनासा झाला तर लगेच कळेल.