निकेलचं दुखणं ओळखणारे साबात्ये

अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली, हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक. पण पातळ तेलाचं घट्ट तूप करणारी निकेलची करामत ज्यांच्या प्रयोगांतून आली, ते पॉल साबात्ये केमिस्ट्रीवाल्यांनाही पटकन आठवत नाहीत.

१८५४ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनला जन्म. डॉक्टरेट पॅरिसची, पण तुलूझला प्राध्यापक झाले ते कायमचेच. १९०७ मध्ये पॅरिसहून मोठ्या पदाचं बोलावणं आलं, तरी गेले नाहीत. (पुण्या-मुंबईशिवाय करिअर होत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी!)

१८९७ मध्ये साँदरां या पाद्री सहकाऱ्यासोबत त्यांनी इथिलीन आणि हायड्रोजन गरम निकेलच्या भुकटीवरून सोडले. इथेन मिळालं. पुढे बेंझीनवरही हेच जमलं. तेलावर ही युक्ती चालवून १९०२ मध्ये पेटंट घेतलं जर्मनीच्या नॉर्मन यांनी. साबात्येंना १९१२ चं नोबेल मिळालं, ग्रिन्यार यांच्यासोबत विभागून.

मला मात्र त्यांचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. उत्प्रेरक स्वतः बदलत नाही, असं आपण परीक्षेत लिहून मोकळे होतो. साबात्येंचं म्हणणं असं, की धातूचा पृष्ठभाग रेणूशी तात्पुरतं संयुग बनवतो आणि लगेच मोडतो. आता जो हात धरतो, त्याचा हात अडकूही शकतो. बेंझीनमध्ये गंधकवाल्या थायोफीनचा अंश जरी राहिला, तरी निकेल ठप्प व्हायचं. भुकटी तयार करताना आच जास्त झाली, तरी तिचा जोर जायचा. हे सगळं त्यांनी बारकाईनं नोंदवलं.

तांब्यावरून अल्कोहोलची वाफ सोडून त्यातला हायड्रोजन काढायचा, हेही त्यांचंच काम. आज इथेनॉलपासून ब्युटेनॉल बनवताना बहुतेकदा हीच पहिली पायरी असते. ऊस-मक्याचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातंच आहे. ब्युटेनॉल त्याहून कमी पाणी ओढतं आणि लिटरमागे जास्त ऊर्जा देतं. मग कारखाने का नाहीत? एक मोठी अडचण उत्प्रेरकाचीच. धातूचे बारीक कण तापून एकमेकांना चिकटतात, वर कार्बनचा थर बसतो, अभिक्रियेतून निघणारं पाणीही त्रास देतं. गंधक तर आहेच.

साबात्ये १९४१ मध्ये तुलूझलाच वारले. त्यांनी शोधलेलं दुखणं अजून पूर्ण बरं झालेलं नाही.