बर्थाबाईंची तीन चाकं

हल्लीच्या तीन चाकी मोटारसायकलला ट्रॅक्शन कंट्रोल असतो. वळणावर मागचं चाक घसरू लागलं की तो इंजिनची ताकद आपोआप कमी करतो. बर्था बेंझकडे यातलं काहीच नव्हतं. होती फक्त दोन मुलं, धक्का मारायला!

बर्थाचा जन्म १८४९ चा, जर्मनीतल्या फोर्झहाइमचा. तेव्हा तिकडे मुलींना युनिव्हर्सिटीचं दार बंद होतं. कार्ल बेंझचं वर्कशॉप अडचणीत आलं तेव्हा तिने लग्नाआधीच वडिलांकडून हुंडा मागून घेतला आणि त्यात घातला. (आपल्याकडे हुंडा कुठे जातो ते सांगायला नको.) १८८६ मध्ये कार्लला तीन चाकी मोटारीचं पेटंट मिळालं, पण गिऱ्हाईक काही येईना. एवढी वर्षं खपून गाडी पडूनच राहणार की काय?

ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता बर्था मुलांना घेऊन मॅनहाइमहून माहेरी निघाली. १०० किलोमीटरच्या वर! पेट्रोलपंप नव्हतेच, विस्लोखला औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती हॅटपिनने साफ केली. पण खरा घाम काढला तो टेकड्यांनी. चढावर गाडी दम टाकायची, की उतरा आणि ढकला. उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. व्हायवाला आपण ब्रेक लायनिंग म्हणून घोकतो ना, ते हेच!

पोचल्यावर तिने कार्लला तार केली. चढासाठी आणखी एक गिअर हवा, हेही नंतर तिनेच सांगितलं. त्याने तो बसवला. १९४४ मध्ये, ९५ वर्षं पुरी करून, ती लाडेनबुर्गला वारली.