चार्ल्स गोरेन : ब्रिजची बोली सोपी करणारा शिक्षक



आज आपण अशा माणसाची ओळख करून घेणार आहोत, ज्याने ब्रिज हा अवघड समजला जाणारा पत्त्यांचा खेळ सामान्य माणसाला शिकवला. त्यांचं नाव चार्ल्स गोरेन.

आधी खेळाविषयी थोडंसं. मेंढीकोट खेळणाऱ्यांना भिडू आणि हुकूम माहीतच असतात. ब्रिजमध्येही समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि प्रत्येकाला 13 पानं मिळतात. पण इथे खेळ सुरू होण्याआधी बोली लागते. हुकूम कोणता आणि आपली जोडी किती हात करणार, हे बोलीतूनच ठरतं. गंमत म्हणजे भिडूची पानं दिसत नाहीत आणि खुणा करायच्या नाहीत. मग त्याला आपली ताकद कळवायची कशी? त्यासाठी ठरलेले संकेत लागतात. हे संकेत सोपे करणं, हेच गोरेन यांचं मोठं काम.

जन्म आणि शिक्षण

गोरेन यांचा जन्म 4 मार्च 1901 रोजी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित होते. चार्ल्स कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात कायदा शिकले. तिथेच एकदा ते ब्रिज खेळायला बसले. खेळ येत नव्हता, म्हणून एक मैत्रीण त्यांना हसली. हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी खेळ सोडला नाही, उलट ब्रिजची पुस्तकं आणून नेटाने अभ्यास केला.

वकिली की ब्रिज?

पदवी घेऊन ते फिलाडेल्फियात वकिली करू लागले. त्या काळी मिल्टन वर्क हे ब्रिजचे मोठे जाणकार होते. त्यांचे लेख लिहायला गोरेन मदत करू लागले. एक्क्याला 4, राजाला 3, राणीला 2 आणि गुलामाला 1 गुण ही मोजणी वर्क यांनी प्रसिद्ध केली होती. ती मुख्यतः बिनहुकमी बोलीसाठी वापरली जाई.

1934 मध्ये वर्क वारले. 1936 मध्ये गोरेन यांचं पहिलं पुस्तक आलं आणि त्यांनी वकिली सोडली. अमेरिकेत तेव्हा मंदी होती. हातातला पेशा सोडून पत्त्यांवर पोट भरायचं, हे धाडसच होतं. शिवाय इली कल्बर्टसन यांची पद्धत त्या वेळी सगळीकडे चालत होती. तिच्यापुढे नवीन माणसाला कोण विचारणार?

सोपी मोजणी

कल्बर्टसन यांच्या पद्धतीत एक्का-राणीची जोडी म्हणजे दीड, सोबत लहान पान असलेला राजा म्हणजे अर्धा, असे अपूर्णांक जुळवावे लागत. नवशिका तिथेच गोंधळायचा. गोरेन यांनी वर्क यांची 4-3-2-1 मोजणी हुकमाच्या बोलीलाही लावली. टोरांटोचे विमागणितज्ज्ञ विल्यम अँडरसन यांची त्यांना मदत झाली. एखादा रंग हातात अजिबात नसेल तर 3, एकच पान असेल तर 2 आणि दोनच पानं असतील तर 1 गुण वाढवायचा. 1949 साली ही पद्धत पुस्तकरूपाने आली.

एक उदाहरण पाहू. समजा, तुमच्या हातात ही पानं आहेत :

- इस्पिक : एक्का, राणी, 9, 6, 4 – गुण 6
- बदाम : राजा, 8, 5, 2 – गुण 3
- चौकट : राजा, 7, 3 – गुण 3
- किलवर : फक्त 5 – एकट्या पानाचे गुण 2

एकूण 14 गुण झाले. 13 असले की बोली उघडायची, म्हणून तुम्ही इस्पिकचा एक बोलाल. भिडूकडे इस्पिकची चांगली साथ आणि 12 गुण असतील, तर जोडीचे 26 होतात. मग इस्पिकचे चार, म्हणजे 10 हात करण्याची बोली, लावायला हरकत नाही. पाहिलंत? पहिलीतली बेरीज आली की झालं!

यश आणि अखेर

गोरेन नुसते शिकवणारे नव्हते. हेलन सोबेल या त्यांच्या नावाजलेल्या भिडू. 1950 मध्ये बर्म्युडात झालेली जागतिक स्पर्धा त्यांच्या संघाने जिंकली. 1958 मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचं चित्र आलं. 1959 पासून त्यांचा ब्रिजचा कार्यक्रम टीव्हीवरही दिसू लागला.

पुढे संकेत बदलले. गोरेन चार पानांच्या इस्पिक-बदामवरही बोली उघडत, आज बरेच जण पाच पानं असल्याशिवाय उघडत नाहीत. दोनने उघडलेली बोली त्यांच्याकडे फार जबर हाताची खूण होती, आता बहुतेक ठिकाणी ती दुबळ्या पण लांब रंगाची खूण असते. 3 एप्रिल 1991 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी ते कॅलिफोर्नियात वारले. तोवर त्यांची बरीचशी पद्धत जुनी झाली होती.

तरीही आज कुठेही ब्रिजचा पहिला धडा सुरू होतो तो 4-3-2-1 नेच. ही मोजणी गोरेन यांनी शोधलेली नव्हती. पण जाणकारांच्या हातातली गोष्ट त्यांनी नवशिक्याच्या हातात दिली. मित्रांनो, शिकवणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?

तुमच्यासाठी प्रश्न : पूर्ण 52 पानांत चित्रांचे आणि एक्क्यांचे मिळून किती गुण होतात? वहीत मोजून पाहा.